शकुंतलेचे रूळ आणि हरिसालच्या लहरी

महाराष्ट्र सरकारने ५ नोव्हेंबर २०२५ रोजी स्टारलिंक या अमेरिकन कंपनीशी इरादापत्रावर सह्या केल्या. गडचिरोली, नंदुरबार, धाराशिव आणि वाशीम यांसारख्या जिल्ह्यांतील दुर्गम गावे, शाळा व आरोग्यकेंद्रे उपग्रहाच्या साहाय्याने इंटरनेटने जोडण्याचा हा संकल्प आहे. असा करार करणारे महाराष्ट्र हे देशातील पहिले राज्य, हेही त्या वेळी मोठ्या अभिमानाने सांगण्यात आले. वऱ्हाडातील जनतेला असल्या पहिलेपणाचे अप्रूप उरलेले नाही. वाशीम हा १९९८ पर्यंत अकोला जिल्ह्याचाच भाग होता, आणि शेजारच्या अमरावती जिल्ह्यात दहा वर्षांपूर्वी हाच सोहळा एकदा होऊन गेला आहे. त्या वेळी गाव होते मेळघाटातील हरिसाल, कंपनी होती मायक्रोसॉफ्ट, आणि मान होता देशातील पहिल्या डिजिटल गावाचा.

हरिसालची हकीकत विस्ताराने आठवली पाहिजे, कारण पुढे वाशीममध्ये काय घडू शकते याचा अंदाज तिच्यावरूनच बांधता येतो. परतवाड्याहून धारणीकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे हे गाव व्याघ्रप्रकल्पाच्या जंगलात आहे. वस्ती प्रामुख्याने कोरकू आदिवासींची. ज्या मेळघाटातील बालमृत्यूंनी १९९० च्या दशकात साऱ्या देशाला मान खाली घालायला लावली, तेच हे मेळघाट. येथे २०१६ साली डिजिटल गावाची घोषणा झाली. दूरचित्रवाणीसाठी राखून ठेवलेल्या, पण वापरात नसलेल्या लहरींमधून इंटरनेट आणायचे, रुग्णाला हरिसालमध्ये बसवून शहरातील डॉक्टरांना पडद्यावर दाखवायचे, शाळेत संगणकाचा फळा लावायचा, दुकानदाराने रोख पैशांऐवजी यंत्रावर व्यवहार करायचा, अशी ही योजना. कल्पना म्हणून तिच्यात आक्षेपार्ह काही नव्हते. तापाने फणफणलेल्या मुलाला घेऊन घाट उतरणाऱ्या आईला डॉक्टर पडद्यावर भेटला तरी तो हवाच आहे.

पण डिजिटल गाव झाल्याने विजेचा लपंडाव थांबत नाही, मनोरा उभारल्याने डॉक्टरची रिकामी जागा भरली जात नाही आणि यंत्र दिल्याने दुकानात येणाऱ्या मजुराच्या खात्यात मजुरी जमा होत नाही. २०१९ च्या लोकसभा निवडणुकीत राज ठाकरे यांनी आपल्या सभांतून हरिसालची चित्रफीत दाखविली. सरकारी जाहिरातीत झळकलेला गावचा तरुणच त्यांनी व्यासपीठावर आणून उभा केला. 'लाव रे तो व्हिडिओ' हे शब्द तेव्हा महाराष्ट्रभर लहानमोठ्यांच्या तोंडी झाले. सत्ताधारी पक्षाने प्रत्युत्तरादाखल आपल्या चित्रफिती काढल्या. दोन्ही बाजूंच्या पडद्यांवर हरिसाल झळकले. वाहिन्यांना महिनाभर पुरेल इतका मजकूर मिळाला. आणि निवडणूक आटोपताच कोरकूंचे गाव पुन्हा वर्तमानपत्रांच्या आतल्या पानावरून देखील नाहीसे झाले. गावाच्या ग्रामसभेने या योजनेबद्दल काय ठराव केला होता, लहरींचा परवाना कोणाकडे होता, यंत्रे बिघडल्यास दुरुस्तीची जबाबदारी कोणावर होती, कंपनी निघून गेली तर मनोरा कोणाचा, हे प्रश्न सरकारच्या जाहिरातीत नव्हते आणि विरोधकांच्या चित्रफितीतही नव्हते. गरिबीचे चित्रण जसे करमणुकीचा माल होते, तसे गरिबीच्या निषेधाचे चित्रणही होऊ शकते, हे त्या महिन्यात दिसले.

मालकीचा हा प्रश्न वऱ्हाडाला नवा नाही. यवतमाळहून मूर्तिजापूरमार्गे अचलपूरला जाणारी शकुंतला रेल्वे ज्यांनी पाहिली, तिच्या डब्यातून ज्यांनी प्रवास केला, ती माणसे या दोन जिल्ह्यांत आजही हजारोंनी आहेत. किलिक निक्सन या इंग्रज कंपनीने वऱ्हाडचा कापूस मुंबईला आणि तेथून मँचेस्टरला नेण्यासाठी ही अरुंद वाट घातली. त्याच मँचेस्टरमध्ये १९२१ साली बांधलेले वाफेचे इंजिन १९२३ पासून १९९४ पर्यंत तिच्यावर धावत होते. देश स्वतंत्र झाला, रेल्वेचे राष्ट्रीयीकरण झाले, पण हे रूळ मात्र कंपनीचेच राहिले. गाडी चालवायची सरकारने, तोटा सोसायचा सरकारने, धक्के खायचे प्रवाशांनी आणि रुळांच्या वापराबद्दल मोबदला घ्यायचा कंपनीने, असा हा व्यवहार स्वातंत्र्यानंतरही कित्येक दशके चालला. कापूस कोठल्या गावातून उचलायचा आणि कोठे उतरवायचा, हे ज्याने रूळ घातले त्याने ठरविले होते. शेतकऱ्याच्या शेतापासून बाजारापर्यंतची त्याची गरज काय होती, हा विचार त्या आराखड्यात नव्हता.

आजच्या लहरींची व्यवस्था याहून फारशी निराळी नाही. निराळे आहे ते एवढेच की शकुंतलेचे रूळ डोळ्यांना दिसत होते.

या देशातील समाजवादी चळवळीने हा प्रश्न फार पूर्वी ओळखला होता. आणीबाणीच्या काळात आकाशवाणी ही एका पक्षाची, किंबहुना एका घराण्याची दवंडी झाली होती, हे ज्यांनी तुरुंगातून ऐकले त्यांनीच पुढे नभोवाणी सरकारच्या कचाट्यातून सोडविण्याचा आग्रह धरला. जनता सरकारने नेमलेल्या वर्गीज समितीने १९७८ साली 'आकाश भारती' या स्वायत्त विश्वस्त संस्थेची शिफारस केली. सरकार पडले, शिफारस बासनात गेली. प्रसार भारतीचा कायदा १९९० साली झाला व १९९७ साली अंमलात आला, तोही पुष्कळसा पातळ होऊन. दरम्यान सर्वोच्च न्यायालयाने ९ फेब्रुवारी १९९५ रोजी एक मूलगामी निर्णय दिला: लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, तिच्यावर मक्तेदारी सरकारची असता कामा नये आणि खाजगी धनिकांचीही असता कामा नये. निर्णयाचे पूर्वार्ध भांडवलदारांनी तत्परतेने उचलले. सरकारची मक्तेदारी मोडली. उत्तरार्ध आठवण करून देण्याची गरज आता उरली आहे, आणि ती समाजवाद्यांनी नाही तर कोणी करून द्यावी?

खाजगी मक्तेदारी कशी बांधली गेली, याचा क्रम वऱ्हाडातील कोणत्याही मोबाइलधारकाला सांगता येईल. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओची सेवा सुरू झाली, ती मार्च २०१७ पर्यंत जवळजवळ फुकट. दर्यापूरच्या चौकात सिमकार्डांसाठी रांगा लागल्या, तशा त्या अकोटातही लागल्या. फुकटाचा हा हंगाम संपेपर्यंत लहान कंपन्यांचा श्वास कोंडला होता. एअरसेलने २०१८ साली दिवाळे काढले, टाटांची सेवा एअरटेलमध्ये विलीन झाली, आयडिया आणि व्होडाफोन जीव वाचविण्यासाठी एकत्र आल्या. स्पर्धक संपल्यावर दर वाढू लागले: डिसेंबर २०१९, २०२१ ची अखेर आणि पुन्हा जुलै २०२४. अडत्या जसा पहिल्या वर्षी शेतकऱ्याला बिनव्याजी उचल देतो आणि तिसऱ्या वर्षी त्याचा माल आपल्या भावाने उचलतो, त्यातलाच हा प्रकार. २०२० साली, देश टाळेबंदीत अडकला असताना, फेसबुकने ४३,५७४ कोटी रुपये देऊन जिओच्या कंपनीचा सुमारे दहा टक्के हिस्सा घेतला आणि पाठोपाठ गूगलने ३३,७३७ कोटी रुपये ओतले. एरवी आत्मनिर्भरतेच्या घोषणा देणाऱ्यांनी या सौद्यांचे स्वागतच केले.

याच काळात जनतेच्या मालकीच्या भारत संचार निगमला काय मिळाले? खाजगी कंपन्यांनी ऑक्टोबर २०२२ मध्ये पाचव्या पिढीची सेवा सुरू केली. निगमच्या चौथ्या पिढीच्या जाळ्याचे देशव्यापी उद्घाटन व्हायला २७ सप्टेंबर २०२५ उजाडला. धावण्याच्या शर्यतीत एकाच्या पायात बेड्या घालायच्या आणि तो हरला की सार्वजनिक क्षेत्र निकामी असल्याचे जाहीर करायचे, हा खेळ राज्य परिवहनापासून जिल्हा परिषदेच्या शाळांपर्यंत सर्वत्र चालू आहे. चिखलदऱ्याच्या वरच्या गावांत जेथे ग्राहक थोडे व खर्च जास्त, तेथे खाजगी मनोरा यायला तयार नसतो. निगमचा असतो तो पुष्कळदा वीज नाही म्हणून मुका असतो. करोनाच्या दोन वर्षांत शाळा मोबाइलवर भरली तेव्हा टेकडीवर चढून लहर शोधणारी मुले मेळघाटाने पाहिली आहेत. ज्यांच्या घरी तसा मोबाइलच नव्हता, ती टेकडीवरही गेली नाहीत.

आता या रुळांवरून धावणाऱ्या गाडीकडे, म्हणजे करमणुकीकडे वळू. हा विषय गंभीर राजकारणात बसत नाही, अशी एक समजूत कार्यकर्त्यांमध्ये आहे. ती चुकीची आहे.

नोव्हेंबर २०२४ मध्ये रिलायन्सच्या आणि डिस्ने या अमेरिकन कंपनीच्या भारतातील वाहिन्या एकत्र होऊन जिओस्टार ही संयुक्त कंपनी अस्तित्वात आली. या कंपनीची किंमत सत्तर हजार कोटींच्या वर मानली गेली. मराठी घरांच्या दृष्टीने याचा अर्थ असा की 'स्टार प्रवाह' आणि 'कलर्स मराठी', ज्या कालपर्यंत एकमेकींच्या स्पर्धक होत्या, त्या एका छताखाली गेल्या. 'न्यूज १८ लोकमत' ही वृत्तवाहिनी चालविण्यातही याच समूहाचा हात आहे. परतवाड्यातील एखादा तरुण संध्याकाळी मोबाइलवर क्रिकेटचा सामना पाहतो, तेव्हा लहर जिओची, पडदा जिओहॉटस्टारचा आणि मुंबईचा संघ मैदानात असेल तर संघही त्याच घराचा. जाहिरातींपैकीही काही त्याच घराच्या. जुन्या जमीनदाराला विहीर, बैल, बी आणि दुकान ही सारी आपल्याकडे ठेवता येत नसत. एखादी विहीर तरी भावकीकडे राही. दुसरा मोठा धनाढ्य समूह मागे राहिलेला नाही: अदाणींनी २०२२ साली एनडीटीव्ही ताब्यात घेतली आणि १ मे २०२४ रोजी, म्हणजे नेमक्या महाराष्ट्र दिनी, तिची मराठी वाहिनी सुरू केली. कामगार दिनही त्याच तारखेला असतो, हे सांगायला नको.

अमरावतीकरांना या केंद्रीकरणाचा एक घरगुती नमुना ठाऊक आहे. चित्रपटांच्या धंद्यात 'सी.पी. बेरार' नावाचा एक मुलूख आहे. ज्या प्रांताचे हे नाव तो नकाशावरून केव्हाच पुसला गेला; वऱ्हाड १९५६ साली मुंबई राज्यात आले आणि १९६० साली महाराष्ट्रात. धंद्याने मात्र ते नाव सोडले नाही. या मुलखाच्या वितरकांच्या कचेऱ्या अमरावतीत होत्या. चित्रपटाच्या रिळांचे डबे येथून गावोगावच्या टॉकीजना जात. हा धंदा काही साधुसंतांचा नव्हता. पण हिशेब करणारा कारकून अमरावतीचा होता, डबे वाहणारा हमाल अमरावतीचा होता आणि भांडायचे झाले तर ज्याच्याशी भांडायचे तो मालकही गावातच सापडत होता. गेल्या वीस वर्षांत चित्रपट उपग्रहावरून थेट टॉकीजमध्ये उतरू लागला. लहान गावाला पहिल्याच दिवशी नवा चित्रपट मिळू लागला, ही निःसंशय प्रगती. पण चित्रपट कुलूपबंद येतो आणि किल्ली कंपनीकडे असते. रिळाची प्रत काढावी लागत नसतानाही निर्मात्याकडून तिच्या नावाने शुल्क घेतले जाते. थोड्या भांडवलावर मराठी चित्रपट काढणाऱ्याला ते जड जाते, आणि याच शुल्कावरून मार्च २०१८ मध्ये दक्षिणेतील निर्मात्यांनी नवे चित्रपट रोखून धरले होते. प्रक्षेपणाची यंत्रे टॉकीजना भाड्याने देताना घातलेल्या जाचक अटींबद्दल यूएफओ आणि क्यूब या दोन मोठ्या कंपन्यांना स्पर्धा आयोगाने २०२५ साली दंड ठोठावला. वितरकाची कचेरी तोवर ओस पडली होती.

भाषेची गत याहून विचार करायला लावणारी आहे. वऱ्हाडी ही गाडगेबाबांच्या कीर्तनाची बोली. शेंडगावात जन्मलेला तो माणूस हजारोंच्या समुदायाला प्रश्न विचारी, समुदाय उत्तर देई, त्या उत्तरातून पुढचा प्रश्न निघे. ऐकणारा तेथे केवळ श्रोता नव्हता. मोझरीचे तुकडोजी महाराज खंजिरी घेऊन बसले की भजन गावाचे होई. सत्यशोधकांचे जलसे याच मातीत फिरले. उद्धव शेळके यांनी १९६० साली 'धग' लिहिली तेव्हा वऱ्हाडी बोलणाऱ्या बाईचे दुःख मराठी कादंबरीच्या मध्यभागी आले. अकोल्याच्या विठ्ठल वाघांचे गीत १९८१ च्या 'अरे संसार संसार' या चित्रपटातून महाराष्ट्रभर पोचले, ते शेतकऱ्याचे गीत म्हणून. आज दूरचित्रवाणीवर वऱ्हाडी ऐकू येते ती बहुतेक वेळा हसण्यासाठी. भारत गणेशपुरे यांच्यासारखा गुणी नट या बोलीला घराघरांत घेऊन गेला, हे त्याचे श्रेय आहे आणि दोष त्याचा नाही. दोष त्या व्यवस्थेचा, जी वऱ्हाडी माणसाला नायकाचा मित्र, भोळा हवालदार किंवा गमत्या सरपंच एवढ्याच जागा देऊ करते. पुण्या-मुंबईकडच्या पुष्कळांची वऱ्हाडशी ओळख 'वऱ्हाड निघालंय लंडनला' या नाटकावरच थांबते. त्यातले वऱ्हाड लग्नाचे आहे, प्रांताचे नव्हे, हेही अनेकांच्या गावी नसते.

मोबाइलने ही कोंडी फोडली, असे म्हणणारे आहेत आणि त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. कोणाची शिफारस न लागता आज अंजनगावचा किंवा बाळापूरचा पोरगा आपल्या बोलीत विनोद करतो, गाणे रचतो, कपाशीवरील बोंडअळीबद्दल माहिती देतो आणि लाखो लोक ते पाहतात. हे स्वातंत्र्य कोणी हिरावून घ्यावे असे समाजवादी विचार मानणाऱ्याला वाटणार नाही. पण या श्रमाचा व्यवहार तपासावा. यूट्यूबवरील लांब चित्रफितीच्या जाहिरातींचे जे उत्पन्न होते, त्यातील ४५ टक्के कंपनी ठेवून घेते. शेती कसणाऱ्याला हे गणित परिचयाचे वाटेल, कारण ही बटाईच आहे. बटाईत निदान खळे शेतात असते आणि माप दोघांच्या डोळ्यांदेखत होते. येथे शेत कंपनीचे, खळे कंपनीचे आणि मापही कंपनीचेच. शिवाय उद्यापासून कोणते पीक लोकांच्या नजरेस पडेल आणि कोणते पडणार नाही, हे ज्या सूत्राने ठरते ते सूत्र गुप्त. या सूत्राला द्वेषाचे वावडे नाही, कारण चिडलेला माणूस पडद्यापाशी अधिक वेळ थांबतो आणि थांबलेल्या माणसाला जाहिरात विकता येते.

याची किंमत या दोन शहरांनी रक्ताने मोजली आहे. त्रिपुरातील घटनांच्या निषेधार्थ १२ नोव्हेंबर २०२१ रोजी अमरावतीत निघालेल्या मोर्चाच्या वेळी दगडफेक झाली. दुसऱ्या दिवशीच्या बंदमध्ये दुकाने फुटली, जाळपोळ झाली, संचारबंदी लागली. जून २०२२ मध्ये याच शहरात एका औषधविक्रेत्याची गळा चिरून हत्या झाली. व्हॉट्सअॅपवर पुढे पाठविलेल्या मजकुरावरून ती झाली, असे राष्ट्रीय तपास यंत्रणेचे म्हणणे आहे. १३ मे २०२३ च्या रात्री अकोल्याच्या जुन्या शहरात समाजमाध्यमावरील मजकुराचे निमित्त होऊन दंगल पेटली आणि एकाचा जीव गेला. मारणारा कोणत्या धर्माचा आणि मरणारा कोणत्या, यावरून ज्यांचा निषेध कमीजास्त होतो, त्यांना समाजवादी म्हणवून घेण्याचा अधिकार नाही. त्या रात्रीची आग कोणी लावली याचा तपास पोलिसांनी केलाच पाहिजे आणि धर्मांध संघटनांची जबाबदारी अॅपवर ढकलून मोकळे होता येणार नाही. मात्र आगीवरून वारा घालण्याचा धंदा कोणाचा, हाही प्रश्न विचारावा लागतो.

१ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे मुले पळविणारी टोळी समजून जमावाने भटक्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना ठेचून मारले. अफवा मोबाइलवरून पसरली होती. भिक्षा मागून जगणारी ती माणसे सोलापूर जिल्ह्यातून आली होती. त्यानंतर त्याच महिन्यात व्हॉट्सअॅपने भारतात एक मजकूर एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठविता येईल अशी मर्यादा घातली. मर्यादा योग्यच होती. परंतु कोट्यवधी भारतीयांच्या परस्पर बोलण्याचा हा नियम कोणत्या विधिमंडळात चर्चेला आला? तो कॅलिफोर्नियातील एका कचेरीत ठरला, आणि उद्या तेथेच बदलूही शकेल. याउलट दंगल झाली की जिल्ह्यातील अधिकारी सगळे इंटरनेटच बंद करतात. अमरावतीत तसे झाले, अकोल्यातही झाले. तेव्हा अफवेबरोबर अफवेचे खंडनही बंद पडते, चहाच्या टपरीवाल्याचे पैसे अडकतात, परीक्षेचा अर्ज भरणाऱ्या मुलीची मुदत टळते. असा आदेश जाहीर केला पाहिजे, तो बेमुदत असता कामा नये आणि त्याचा फेरविचार झाला पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने १० जानेवारी २०२० रोजी काश्मीरच्या प्रकरणात बजावले आहे. जिल्ह्याजिल्ह्यांत हे बंधन कितपत पाळले जाते, हे कार्यकर्त्यांनी आदेशाची प्रत मागून पाहावे. एक कळ कंपनीच्या हाती, दुसरी सरकारच्या हाती, आणि बोलणाऱ्या माणसाच्या हाती कोणतीच नाही, अशी आजची स्थिती आहे. सरकारला तर तिसरी कळही हवी होती: आपल्याविषयीची कोणती बातमी खोटी हे आपणच ठरविण्याची. मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये तो नियम घटनाबाह्य ठरविला म्हणून तूर्त निभावले.

कापूसवाल्यांना वाटेल की या साऱ्याशी आपला काय संबंध. संबंध रोजचा आहे. ऑगस्ट २०२१ पासून आपल्या पिकाची नोंद शेतकऱ्याने स्वतःच्या मोबाइलवर, बांधावर उभे राहून, छायाचित्रासह करायची आहे. २०२५ च्या हंगामात हमीभावाने कापूस घालण्यासाठी कापूस महामंडळाने आणखी एका अॅपवर नोंदणी सक्तीची केली. तलाठ्याच्या मनमानीतून सुटका झाली तर ती हवीच. पण लहर नाही, मोबाइल जुना, अंगठा उमटत नाही, म्हणून ज्याची नोंद राहिली त्याने दाद कोणाकडे मागायची? परदेशी कापसावरील अकरा टक्के आयातशुल्क त्याच ऑगस्टमध्ये काढून टाकण्यात आले, तेव्हा गिरणीमालकांना मात्र कोणतेही अॅप उतरवून घ्यावे लागले नाही.

यंत्राला विरोध हा या चळवळीचा मार्ग कधीच नव्हता. डॉ. राममनोहर लोहियांनी छोट्या यंत्राचा आग्रह धरला तो यंत्र गावाच्या ताब्यात राहावे, गाव यंत्राच्या ताब्यात जाऊ नये म्हणून. त्या कसोटीवर आजचे तंत्रज्ञान उतरविता येणार नाही, असे मुळीच नाही. ग्रामपंचायतींपर्यंत प्रकाशतंतूंचा दोर नेण्याची सरकारी योजना २०११ साली मंजूर झाली. हीच आजची भारतनेट. हा दोर सार्वजनिक पैशांतून पडला आहे. दोर पंचायतीपर्यंत आला, पुढे शाळेत, दवाखान्यात, वाचनालयात तो न्यायचा की नाही, हा प्रश्न अमेरिकेतील उपग्रहमालकाला विचारण्याची गरज नाही. स्टारलिंकचे मालक ज्यांचे आहेत त्याच इलॉन मस्क यांनी २०२२ साली ट्विटरही विकत घेतले. रूळ त्यांचे आणि गाडीही त्यांची. वाशीमच्या आरोग्यकेंद्राला आज जोडणी फुकट मिळाली तरी जिओच्या पहिल्या सहा महिन्यांची आठवण ठेवलेली बरी.

अकोल्याच्या आकाशवाणी केंद्राची गोष्ट याहून जवळची. जून २०२३ मध्ये पुणे केंद्राचा वृत्तविभाग बंद करण्याचा घाट घातला गेला, लोक बोलले आणि निर्णय थांबला. लोक बोलले नसते तर तो थांबला नसता. वऱ्हाडीतून शेतीचा सल्ला, स्थानिक बातम्या, भजनी मंडळे यांना हक्काची जागा देणारे सार्वजनिक माध्यम या भागात हेच आहे. ते टिकविण्यासाठी पक्षाच्या अकोला व अमरावती शाखांनी आजवर साधे निवेदनही दिले नसेल, तर ही चूक कंपन्यांच्या खाती घालता येणार नाही.

आणि चुकांचा विषय निघालाच आहे, तर आणखी थोडे. पक्षाचे बहुतेक काम हल्ली व्हॉट्सअॅपच्या गटांवर चालते. निषेधाचा मजकूर सकाळी गटावर येतो, दुपारपर्यंत त्यावर उंचावलेल्या मुठींची चित्रे उमटतात, आणि संध्याकाळी सभेला वीस जण जमतात, त्यातले पाच छायाचित्रे काढण्यात गुंतलेले असतात. ज्या कंपनीला स्पर्धा आयोगाने नोव्हेंबर २०२४ मध्ये २१३ कोटींचा दंड ठोठावला, तिच्याच दफ्तरात चळवळीच्या सभासदांची यादी आपण होऊन नेऊन ठेवलेली आहे. वऱ्हाडात एकोणिसाव्या शतकात अकोल्याहून 'वऱ्हाड समाचार' निघत होते. पुढे पंजाबराव देशमुखांनी 'महाराष्ट्र केसरी' चालविला, ब्रिजलाल बियाणींनी 'मातृभूमि' उभी केली. खप थोडा, कर्ज पुष्कळ, पण अंक कोणाच्या घरी जातो हे चालविणाऱ्याला ठाऊक असे आणि तो बंद पाडायचा झाला तर दारात येऊन बंद पाडावा लागे. मोबाइल सोडा, असा उपदेश येथे नाही. तो कोणी ऐकणारही नाही. सभासदांची यादी वहीत उतरवून घ्यावी, वर्गणी हातोहात गोळा करावी, आणि गटावर आलेला मजकूर पुढे पाठविण्यापूर्वी तो कोठून आला हे पाठविणाऱ्याला फोन करून विचारावे, इतके मात्र उद्यापासून करता येईल.

येत्या ग्रामसभेत विचारायचे प्रश्नही साधे आहेत. भारतनेटचा दोर गावात कोणत्या साली आला, त्याची पेटी कोठे आहे, ती चालू आहे काय, बंद असेल तर किती दिवसांपासून, आणि पेटीच्या कुलपाची किल्ली कोणाकडे असते. उत्तरे लेखी मागावीत आणि इतिवृत्तात नोंदवून घ्यावीत. धारणी, चिखलदरा, अकोट, तेल्हारा आणि वाशीमच्या तालुक्यांतून ही माहिती गावनिहाय जमा झाली, तर स्टारलिंकचे इरादापत्र करारात बदलण्यापूर्वी जिल्हाधिकाऱ्यांसमोर ती ठेवता येईल. तालुकानिहाय नोंदी शाखांनी महिन्याच्या आत साप्ताहिकाच्या कचेरीकडे पाठवाव्यात.